राखून ठेवलेला हुकूम

परांडेकर साहेब आमच्या माडीवर राहायला आले, ते होकार न देताच.

माडीवरच्या दोन खोल्या मला भाड्याने द्यायच्या होत्या. एका रविवारी सकाळी कोर्टाच्या शिपायाला बरोबर घेऊन ते बघायला आले. खिडक्या उघडून पाहिल्या, लावून पाहिल्या. ऊन कोणत्या बाजूने येतं, नळाला पाणी केव्हा येतं, जिन्याची तिसरी पायरी हलते ती का हलते, सगळं विचारलं. शेवटी मी म्हटलं, "मग ठरलं म्हणायचं का?" ते म्हणाले, "बघू. रात्र जाऊ द्या." ती रात्र गेली, मग पुष्कळ रात्री गेल्या. बाजारात शिपाई भेटला तेव्हा त्याला विचारलं, तर म्हणाला, "साहेब विचार करून राह्यले." मी कंटाळून दुसऱ्या एका माणसाला खोल्या देणार होतो, त्याच सकाळी दारात टांगा उभा राहिला. त्यात दोन ट्रंका, एक कंदील, पोत्यांत भरलेली पुस्तकं आणि मध्ये अंग चोरून बसलेले साहेब. मी म्हटलं, "अहो, तुम्ही तर काहीच कळवलं नाही!" उतरता उतरता ते म्हणाले, "पण मी नको म्हटलं नव्हतं."

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, खामगावाहून मोटारीने तासाभराचं. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण यातल्या माणसांची मुलंबाळं आहेत. मी जिनिंगच्या कचेरीत हिशेब बघत असे. साहेब सेशन्सचं काम बघणारे न्यायाधीश. कुटुंब मुलांच्या शाळेसाठी पुण्यात, इथे ते एकटे. वय पन्नाशीचं, अंगाने किरकोळ, आवाज इतका हळू की कोर्टात पंखा बंद करावा लागे, असं वकील म्हणत.

इतका सरळ माणूस मी फार पाहिलेला नाही. एकदा कोणी संत्र्यांची टोपली जिन्यात ठेवून गेलं. कोणी ठेवली ते कळेना, म्हणून परत करता येईना. साहेबांनी ती पायरीवरच राहू दिली आणि फळं सडेपर्यंत तिला वळसा घालून ते जिना चढत-उतरत राहिले. रॉकेलच्या रांगेत स्वतः उभे राहत. साक्षीला म्हातारी बाई आली तर तिला आधी बसायला स्टूल आणि प्यायला पाणी देत आणि मग शपथ. माझे वडील अर्धांगाने पडले होते तेव्हा सुट्टीच्या दुपारी ते खाली येऊन त्यांच्या उशाशी बसत आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. वडिलांना बोलता येत नव्हतं. साहेब प्रत्येक बातमीनंतर थांबत, वडिलांच्या डोळ्यांकडे बघत आणि मगच पुढची बातमी घेत.

फक्त "नाही" हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. सतरंज्या विकणारा एक माणूस दर बुधवारी माडीवर चढायचा. साहेब प्रत्येक सतरंजी उलगडून बघायचे, धागा चिमटीत धरायचे आणि म्हणायचे, "बघू." तो बिचारा पुढच्या बुधवारी परत. माझी बायको विमल एकदा त्याला जिन्यातच म्हणाली, "काऊन येतं रे बाप्पा दरवक्ती? ते काही घेत नाहीत." तो म्हणाला, "बाई, साहेब नाही कुठी म्हनले?" मी हे साहेबांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "आपण नाही म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो. आणि खरोखर नको आहे, हे अजून माझं ठरलेलं नाही."

विमलचं माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. गावात पानमळे आहेत, म्हणजे खायच्या पानांच्या वेलींचे मळे. ते बारी समाजाकडे. तिथून कोणी कामाने आमच्या गावी आलं की जेवायला आमच्याकडे, ही ठरलेली गोष्ट. गावच्या लेकीचं घर असताना खाणावळीत जेवलं तर विमल महिनाभर बोलली नसती.

त्या वर्षी संक्रांतीनंतर गावात भांडण झालं. सुखदेव ढगे आणि त्याचा चुलतभाऊ यांची विहीर एक, पाण्याची पाळी ठरलेली. पाळीवरून बोलाचाली झाली, धक्काबुक्की झाली आणि सुखदेवच्या हातातल्या फावड्याचा दांडा चुलतभावाच्या डोक्यात बसला. चुलतभाऊ खामगावच्या दवाखान्यात, सुखदेव बुलढाण्याच्या जेलात. कलम लागलं खुनाच्या प्रयत्नाचं. ढोले वकिलांनी जामिनाचा अर्ज केला, तो परांडेकर साहेबांपुढे आला.

सुखदेवची बायको गिरजा दर तारखेला यायची आणि दुपारी आमच्या अंगणात विमलपाशी बसायची. तिला नवऱ्याच्या शिक्षेची तितकी भीती नव्हती. तिचं सगळं लक्ष मळ्याकडे होतं.

"विमलाक्का, उतरणीचे दिवस आले व," ती म्हणायची. "होळी झाली का उतरणी कराच लागते."

ही उतरणी काय ते मला तिच्याकडूनच कळलं. पानवेल शेवरीच्या झाडावर चढवतात. वर्षातून एकदा, ऊन तापायच्या आधी, ती झाडावरून सोडवून खाली घ्यायची, बुडाशी वेटोळं करून मातीआड करायची. मग तिला नवी फूट येते. ते राहिलं आणि वर पाण्याच्या पाळ्या चुकल्या की वेल उन्हाळा काढत नाही. आणि मळा एकदा गेला की पुन्हा उभा करायला वर्षं जातात.

मी विचारलं, "मग गावातलं कोणी करून देणार नाही का?"

"कोन करन, जवाईबुवा? बाहेरच्या मानसाले मळ्यात घेत नाहीत. आमच्यात बाया बी मळ्यात जात नाहीत. आन् बारी तेवढे सारे भाऊबंद, ते चुलतदिराच्या बाजूचे. सासरे हायेत, त्यायची तं कंबरच उचलत नाही." मग म्हणाली, "पान्याची पाळी बी नाही देऊन राह्यले. म्हंतात, तुह्या नवऱ्याले येऊ दे, मंग माग."

साहेबांनी पहिल्यांदा तारीख दिली ती जखमी माणूस धोक्याबाहेर आहे की नाही ते कळावं म्हणून. त्यात गैर काही नव्हतं. तो मेला असता तर कलमच बदललं असतं. तो बरा होऊन घरी गेला. मग डॉक्टरचा दाखला पोलिसांच्या कागदांत लागला नव्हता, म्हणून तारीख. दाखला आला तर बुलढाण्याचे सरकारी वकील आले नाहीत, म्हणून तारीख. ते आले, दोन्हीकडचं बोलणं झालं आणि साहेबांनी हुकूम राखून ठेवला. होळी आली नि गेली. गिरजा विचारी, "राखून ठेवला म्हंजे काय?" विमल म्हणे, "म्हंजे विचार करून राह्यले."

एका दुपारी गिरजा अंगणात बसली होती आणि साहेब जेवणाच्या सुट्टीत काही विसरलेले कागद न्यायला घरी आले. जिना उतरताना त्यांनी तिला पाहिलं. दर तारखेला कोर्टात मागच्या भिंतीशी उभी राहणारी बाई त्यांच्याच घराच्या अंगणात डाळ निवडत होती. तिनेही ओळखलं. पदर पुढे ओढला, उठून उभी राहिली. साहेब अर्ध्या जिन्यावर थांबले, वळले आणि परत वर गेले. ती निघून जाईपर्यंत खाली आले नाहीत. कोर्ट उशिरा भरलं.

संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं.

"ती बाई तुमच्याकडे येते?"

"विमलच्या माहेरची आहे. जेवायला येते."

"मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मला हे का सांगितलं?"

"तेही खरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बुलढाण्याला मोठ्या न्यायाधीशांना लिहिलं: अर्जदाराची बायको माझ्या घरमालकाकडे येते, तेव्हा हा अर्ज मी ऐकावा की दुसऱ्यांकडे द्यावा? त्यांना कोणी विचारलं नव्हतं. कोणाला कळलंही नसतं. पण त्यांना कळलं होतं, एवढं पुरे होतं. उत्तर येईपर्यंत अर्जाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्या दिवसापासून रविवारचा आमचा चहा बंद झाला आणि वडिलांचं वर्तमानपत्रही. वडील दुपारी जिन्याच्या दाराकडे बघत पडून राहत.

बुलढाण्याहून उत्तर आलं, तुम्हीच ठरवा. तोवर चैत्र लागला होता. पुढच्या तारखेला मी गिरजाबरोबर कोर्टात गेलो होतो. ढोले वकील उठले. जाड, घामाघूम, बोलताना टेबलावर थापा मारणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी हात जोडले.

"साहेब, माझी एकच विनंती आहे. अर्ज नामंजूर करा."

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, आपण अर्जदारातर्फेच आहात ना?"

"हाव साहेब, म्हणून तं मागून राह्यलो." ढोल्यांची कोर्टातली भाषा सुटली आणि घरची आली. "तुम्ही नाही म्हटलं तं मी नागपूरले हायकोर्टात जाईन. तुम्ही हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तिथं गेलो तं ते म्हंतीन, खालचा हुकूम कुठी हाये? मी काय दाखवू त्यायले? माझा माणूस आत हाये, त्याचा मळा वाळून राह्यला. नाही तरी म्हणा, साहेब!"

हशा थांबला. साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "मी नाही म्हटलं तर त्या माणसाच्या हातात काय उरेल? एकदा सही झाली की गोष्ट आपली राहत नाही, वकीलसाहेब. मला नीट पाहू द्या." आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर ढोले वकील कडुलिंबाखाली उभे राहून टॉवेलने मान पुसत होते. मला म्हणाले, "भाऊ, एखादा पैसे खाणारा असता तं मले इलाज होता. तक्रार केली असती. एखादा खडूस असता तं त्यानं पहिल्याच दिवशी फेकला असता अर्ज, मी वरून जामीन आणला असता. या देवमाणसाचं काय करू सांगा?"

तरीही ते नागपूरला गेले. जलंब स्टेशनावरून गाडी धरली, नागपुरातल्या एका ओळखीच्या वकिलाला घेतलं आणि हुकूम नाही हीच तक्रार हायकोर्टापुढे ठेवली. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला हायकोर्टाने खालून खुलासा मागवला आणि तो वाचून आदेश दिला की आठवड्याच्या आत अर्जाचा निकाल लावा, नाही लावला तर अर्जदाराला त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडा. सुटकेचा अर्ज असा लोंबकळत ठेवणं म्हणजे न सांगता नाकारणंच आहे, अशा अर्थाचं काही साहेबांबद्दल लिहिलंही होतं. ढोल्यांनी ते मला सांगितलं, पण त्यांचा आवाज जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

आदेश ज्या दिवशी पोचला, त्याच दिवशी साहेबांनी जामीन मंजूर केला. एका पानाचा हुकूम. लिहायला अर्धा तासही लागला नाही म्हणे.

सुखदेव सुटून आला तो मोटार बदलायला आमच्या गावात उतरला. गिरजा त्याला घरी घेऊन आली. तोवर मी त्याला पाहिलेलं नव्हतं. उंच, लांब बोटांचा, बोलण्याला मऊ. जेलात हाताचे घट्टे निघून जातात, तसे त्याचे तळवे गोरे झाले होते. विमलने चहा दिला. त्याने कप तोंडाला लावण्याआधी गिरजाला विचारलं, "उतरणी कोनं केली व?"

गिरजाने खाली पाहिलं. विमल चुलीकडे वळली. त्याने आमच्यातल्या एकेकाकडे बघितलं, मग चहा पिऊन टाकला आणि "चाल" म्हणाला. नंतर विमलचा भाऊ आला, त्याने सांगितलं की शेवऱ्या तेवढ्या उभ्या आहेत, वेली त्यांच्यावर सुतळ्यांसारख्या लोंबताहेत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी साहेब खाली आले. कितीतरी दिवसांनी. ओसरीवर माझ्याशेजारी बसले. "हायकोर्टाने बरोबर केलं," ते म्हणाले. "माझ्याबद्दल लिहिलं तेही बरोबर."

मग त्यांनीच विचारलं,

"त्यांचा मळा कसा आहे?"

"गेला."

"सगळा?"

"सगळा."

त्यांनी मान हलवली. "अर्जात तो मजकूर होता. मी वाचला होता, खूणही केली होती. मग असा विचार केला की मळा वाळतो ही जामीन द्यायला सबब होऊ शकते का? तेवढ्यासाठी जुने निवाडे शोधत होतो. पुण्याहून पुस्तकं मागवली होती." मग म्हणाले, "दोन्ही हुकूम मी लिहून ठेवले होते. देण्याचाही आणि नाकारण्याचाही. दोन्ही चांगले झाले होते. त्यामुळेच पंचाईत झाली."

मला त्यांचा राग यायला हवा होता. विमलला आला होता. तिने त्या दिवशी चहा केला नाही. मला राग धरता आला नाही. ते उठले, आत वडिलांच्या खाटेपाशी गेले आणि वर्तमानपत्र उलगडलं.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी विचारलं होतं, तुमच्या सासुरवाडीला मला नेता का? आणि लगेच स्वतःच म्हणाले, "पण खटला चालू आहे. मला तिथे जाणं बरोबर नाही." तो खटला त्यांच्यानंतर आलेल्या न्यायाधीशांपुढे चालला. भावाभावांत समेट झाला, साक्षीदार सैल बोलले, सुखदेव निर्दोष सुटला. साहेबांना मी पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, विचार करत असतील.

आले ते निवृत्त झाल्यावर. एका हिवाळ्यात, न कळवता, हातात लहानशी पिशवी घेऊन. केस पूर्ण पांढरे, बूट मात्र तसेच पॉलिश केलेले. वडील तोवर गेले होते. त्यांच्या रिकाम्या खाटेकडे साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "उद्या जायचं का?" त्यांनी एखादी गोष्ट अशी पहिल्याच झटक्यात ठरवलेली मी तेवढीच पाहिली.

मोटारीत ते पानमळ्याबद्दल विचारत राहिले. मी विमलकडून ऐकलेलं सांगितलं: की त्या लोकांना मळा देवळासारखा, पायात काही घालून आत जात नाहीत, चपला बांधावरच काढतात. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

सुखदेव घरीच होता. साहेबांना त्याने ओळखलं. खाट टाकली, पाणी दिलं, "या साहेब" म्हणाला. त्याच्या बोलण्यात कडूपणा नव्हता, आपलेपणाही नव्हता. आता तो दुसऱ्यांच्या मळ्यांत रोजाने उतरणीला जातो, हे त्यानेच सांगितलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला तुमचा मळा बघायचा आहे."

सुखदेवने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो पुढे निघाला, आम्ही मागून. पांदणीने थोडं चालल्यावर बांध आला. सुखदेव तसाच पायातल्या वहाणांसकट बांधावर चढला. साहेब मात्र खालीच थांबले. एका हाताने माझा खांदा धरून वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले.

"राहू द्या, साहेब," सुखदेव वरून म्हणाला. "आता काही काढा नाही लागत. नुसतं वावर हाये."

बांधापलीकडे कापूस होता. वेचणी होऊन गेलेली, पऱ्हाट्या उभ्या. साहेब तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी दुसरीही नाडी सोडली, दोन्ही बूट बांधापाशी नीट जोडून ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी, ढेकळांवरून तोल सांभाळत, त्या पऱ्हाट्यांत गेले. सुखदेव क्षणभर बघत राहिला. मग त्यानेही आपल्या वहाणा काढल्या आणि त्यांच्या मागे गेला.